बत्तीसचा टाकू का?

"काका, ह्यो सोळाचा हाय. बत्तीसचा टाकू का? परत पडायचा न्हाई बघा."

हे वाक्य मी आमच्या नरसिंहपूरच्या घरात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा सहा-सात वर्षांपूर्वी. तेव्हा मी "टाक" म्हणालो. दुसऱ्यांदा यंदा, नरसिंह जयंतीच्या तीन दिवस आधी. तेव्हा "थांब जरा" म्हणालो. या दोन उत्तरांमध्ये जे काय झालं ते लिहायला बसलोय. विषय तसा रुक्ष आहे, घरातल्या बोर्डावरचा एमसीबी. पण आमच्याकडची बरीच मंडळी हे वाचतात आणि घर सगळ्यांचं आहे. म्हणून म्हटलं एकदा नीट सांगून टाकावं.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नीरा आणि भीमा जिथे भेटतात तिथे, पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाला, इंदापूर तालुक्यात आमचं गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. संगमावर लक्ष्मी-नरसिंहाचं देऊळ, आणि कितीतरी घराण्यांचं ते कुलदैवत. एरवी गाव शांत. वैशाख शुद्ध चतुर्दशी आली की मात्र पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून माणसं येतात. आमच्या घरात एरवी दादा-वहिनी दोघंच असतात, त्या चार दिवसांत चाळीस डोकी होतात. आणि चाळीस डोक्यांबरोबर येतात चार कूलर, दोन इंडक्शन शेगड्या, तीन इस्त्र्या, बादलीत सोडायचे हीटर आणि अगणित चार्जर.

तर त्या संध्याकाळी माडीवरचे कूलर एकदम बंद झाले. वहिनींनी खालून हाक मारली, "भावजी, खटका पडला वाटतं!" गेलो, वर केला. दहा मिनिटांनी पुन्हा पडला. पुन्हा वर केला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा दादा म्हणाला, "सारखं काय वर-खाली करत बसायचं? त्या पोराला बोलव."

पोरगा आला. गुणी आहे, हात चांगला आहे, रात्री-अपरात्री बोलावलं तरी येतो. त्याने बोर्ड उघडून बघितलं आणि वरचं वाक्य म्हटलं. शिवाय वर पुस्ती जोडली, "सैपाकघराला मागं टाकलाय की तसाच. एकदा तरी पडला का?"

नव्हता पडला. खरंच नव्हता पडला. आणि नेमकं त्याच वेळी वहिनी सहज म्हणाल्या, "पडत नाही ते बरंच आहे, पण हल्ली फोडणी नसताना सुद्धा जळका वास येतो कधीकधी."

मी "थांब जरा" म्हणालो ते या वासामुळे. अक्कल आल्यामुळे नव्हे, हे आधीच कबूल करतो.

*

आमच्या घरात वीज आली तेव्हा आबा होते. दाराच्या आत लाकडी फळी, त्यावर मीटर आणि खाली चिनीमातीचे दोन पांढरे किटकॅट. लाकडी पट्टीवर चिपा मारून नेलेली वायर, दर खोलीत एक दिवा. फ्यूज उडाला की आबा स्टुलावर चढायचे, किटकॅट ओढून काढायचे आणि तार बांधायचे. फ्यूजची खरी तार एका गोळ्यांच्या डबीत असायची. ती संपली की जुनी वायर सोलून तिचे तांब्याचे धागे घ्यायचे. एक धागा उडाला तर पुढच्या वेळी दोन. दोन उडाले तर चार पिळून. "आता बघू कसा उडतो," असं म्हणून खाली उतरायचे. आम्हा पोरांना तो मोठा पराक्रम वाटायचा.

तेव्हा मंडळ होतं. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं (गावात अजूनही "एमएसईबीचा माणूस"च येतो), किटकॅट जाऊन एमसीबी आले, लाकडी फळी जाऊन पत्र्याचा डीबी आला. सगळं बदललं. बदललं नाही ते एकच. उडतोय ना? मग मोठा टाक! आबांचे चार पिळलेले धागे आणि माझा बत्तीसचा एमसीबी यात काही म्हणजे काही फरक नाही. आबांना निदान कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी शिकलेला.

त्या रात्री स्वयंपाकघराचा एमसीबी खाली केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मेन बंद करून, त्या पोराने स्वयंपाकघरातून मागच्या पडवीकडे जाणारी केसिंग पट्टी उघडली. वर माळवद आहे, जुनं, सागवानी तुळयांचं. पट्टीच्या आत दोन वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. लाल रंगाची वायर तपकिरी झाली होती. बोटाने दाबली तर वरचं प्लॅस्टिक पापडासारखं तुटून पडलं. आणि जिथे जोड होता तिथे पट्टीला लागून असलेलं तुळईचं लाकूड तळहाताएवढं काळं पडलं होतं.

कुणी काही बोललं नाही. दादा पडवीतल्या बाजेवर जाऊन बसला. खाली त्या खोलीत रात्री आत्या आणि चार पोरं झोपतात.

आमच्या देवाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तो खांबातून प्रगटला. आमच्या तुळईतून काय प्रगटणार होतं त्याचा मी त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला.

*

मग मी जरा खोलात शिरलो. ओळखीतल्या एका निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअरांना फोन केला, त्यांनी तासभर शिकवणी घेतली. त्यातलं मला जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलात तरी ही लक्षात ठेवा. एमसीबी तुमच्या फ्रीजसाठी नसतो, कूलरसाठी नसतो, तुमच्यासाठीही नसतो. तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायरला किती प्रवाह झेपतो ते बघायचं आणि त्याच्या आतला एमसीबी निवडायचा. आपण उलट करतो. आपल्याला किती वीज हवी ते बघतो आणि तेवढा एमसीबी मागतो. म्हणजे पुलाची ताकद न बघता, ट्रक मोठा आहे म्हणून वजनाची पाटी बदलण्यासारखं झालं.

एमसीबीच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक सावकाश काम करणारा. दोन धातूंची जोडपट्टी, प्रवाह जास्त झाला की तापते, वाकते आणि खटका सोडते. दुसरा तडकाफडकी. तारेचं वेटोळं, शॉर्ट झाल्याबरोबर चुंबक होऊन क्षणात खटका ओढतं. हे दोन्ही एका छोट्या डबीत बसवायची युक्ती जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो श्टोत्स यांच्या कारखान्यातली, १९२४ सालची. शंभर वर्षं झाली. त्या माणसाने एवढी अक्कल लढवून बनवलेली वस्तू आपण "पडू नये" म्हणून बदलतो.

आता त्या सावकाश पहारेकऱ्याचा हिशोब बघा. १६ लिहिलंय म्हणून तो १६ ला पडत नाही. प्रमाण असं आहे की लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर गेला तरी त्याने पडायचं नाही, आणि १.४५ पट झाला तर तासाच्या आत पडायलाच हवं. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअर तासभर निमूट सोसतो आणि २३ ला तासाभरात नक्की पडतो. बत्तीसचा? तो ३६ अँपिअर तासभर सोडतो आणि ४६ ला पडतो.

आमच्या स्वयंपाकघराची वायर दीड स्क्वेअर एमएमची निघाली. बंद पट्टीत अशा वायरीला जेमतेम १३-१४ अँपिअर झेपतात, आणि वैशाखात माळवदाखाली त्याहून कमी. म्हणजे आधीचा १६ सुद्धा तिला जास्तच होता, १० चा हवा होता! त्या वायरीवर काय चाललं होतं? इंडक्शन शेगडी २००० वॅटची, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. बादलीतला हीटर १५०० वॅटचा, साडेसहा. मिक्सर तीन, फ्रीज एक-दीड. बेरीज झाली २० च्या आसपास. बत्तीसच्या एमसीबीच्या दृष्टीने हे सगळं आलबेल. तो कशाला पडेल? वायर मात्र भाजत होती. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि साध्या पीव्हीसीची सहनशक्ती ७० अंशांपर्यंत. पुढे ते कडक होतं, तडकतं, मग जोडावर ठिणगी.

सहा-सात वर्षं "एकदा तरी पडला का?" याचं उत्तर "नाही" होतं. आम्हाला वाटलं दुखणं गेलं. दुखणं नव्हतं गेलं, ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं होतं.

*

दादाशी यावर माझं चांगलंच वाजलं. त्याची बाजूही लिहायला हवी, कारण ती अगदीच चुकीची नाही. तो म्हणाला, "अरे, वर्षातले चार दिवस. बाकी दिवस आम्ही दोघं, एक दिवा आणि एक पंखा. त्या चार दिवसांसाठी सगळं घर फोडायचं? आणि पाहुणे आले असताना अंधारात बसवू का त्यांना?"

चाळीस माणसं घरात, वर वैशाखाचं ऊन, आणि पंखे बंद. हा त्रास खराच आहे. सारखा पडणारा एमसीबी कुणालाही आवडत नाही. पण त्यावर इलाज मोठा एमसीबी नाही, जास्त रस्ते हा आहे. एका वायरीवर चार कूलर आणि दोन इस्त्र्या लादण्यापेक्षा दोन वेगळ्या वायरी न्या, प्रत्येकीला तिचा तिचा छोटा एमसीबी द्या. तेवढीच वीज येते, कुणीच तापत नाही. आणि "वर्षातले चार दिवस" या म्हणण्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. घर त्या चार दिवसांतच जळेल. आणि त्या चार दिवसांतच ते माणसांनी भरलेलं असतं.

मला राग येतो तो आणखी एका गोष्टीचा. पेपरात बातमी असते, "शॉर्ट सर्किटमुळे आग." झालं, विषय संपला. जणू शॉर्ट सर्किट म्हणजे पाऊस किंवा भूकंप. आपल्या हातात काही नव्हतंच. पण शॉर्ट होणं एक आणि शॉर्ट झाल्यावर वीज चालूच राहणं दुसरं. बऱ्याच ठिकाणी या दोन्हींच्या मागे कुणीतरी "मोठा टाक" म्हटलेलं असतं, आणि कुणीतरी पैसे वाचवले म्हणून खूश झालेलं असतं. आमच्या घरात तो कुणीतरी मी होतो. उद्या बातमी आली असती तर तिच्यात माझं नाव नसतं, शॉर्ट सर्किटचंच असतं.

त्या पोरालाही मी दोष देत नाही. त्याला कामाचे पैसे एमसीबी बदलण्याचे मिळतात, "वायर बदला" असं सांगण्याचे मिळत नाहीत. आणि सांगितलं तर आपणच म्हणतो, हा बिल वाढवतोय.

*

जयंती तशीच काढली. स्वयंपाकघराची ती वायर तोडून टाकली, स्वयंपाक गॅसवर आणि पाणी मागच्या चुलीवर. माडीवर दोनच कूलर. कुरकुर झाली. मग सगळे पांगल्यावर अकलूजहून परवानाधारक ठेकेदार आणला आणि खालच्या मजल्याचं वायरिंग नवीन करून घेतलं. (हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं असा नियम आहे, आणि तो शोभेसाठी नाही.) तेव्हा जे जे शिकलो ते इथे देतो, कुणाच्या घरी काम निघालं तर उपयोगी पडेल.

दुकानात जाऊन "एक एमसीबी द्या" म्हणू नका. आधी प्रत्येक वायर कितीची आहे ते बघा. आमच्या ठेकेदाराचा ठोकताळा सोपा होता. दीडच्या वायरीला १० चा, अडीचच्या वायरीला १६ चा, चारच्या वायरीला २० किंवा फार तर २५ चा. वायर बंद पट्टीत असेल, बऱ्याच वायरी एकत्र असतील, पत्र्याखाली किंवा माळवदाखाली असतील तर आणखी एक पायरी खाली. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर निघते. आमच्या ओसरीवर निघाली. तिला तांब्यापेक्षा कमी झेपतं, आणि तांब्याशी जोडली की तो जोड सैल होऊन तापतो. ती शक्यतो काढूनच टाका.

दुसरं, त्यावरचं अक्षर. एमसीबीवर आकड्याच्या आधी बी, सी किंवा डी असं छापलेलं असतं. तो तडकाफडकी पहारेकरी कधी जागा होणार ते त्यावरून ठरतं. बी असेल तर आकड्याच्या ३ ते ५ पटीला, सी असेल तर ५ ते १० पटीला, डी असेल तर १० ते २० पटीला. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढते, म्हणून पंपाला सी ठीक. दिवे, साधे प्लग, गिझर यांना बी पुरतो. दुकानदार विचारल्याशिवाय सी च देतो, कारण तोच खपतो. यात एक गावाकडची गोम आहे. आपला ट्रान्सफॉर्मर लांब, तारा लांबच लांब, त्यामुळे शॉर्ट झाला तरी प्रवाह शहराएवढा उसळत नाही. बत्तीसच्या सी ला क्षणात पडायची खात्री हवी असेल तर ३२० अँपिअर लागतात. लाईनच्या टोकाला असलेल्या घरात, त्यातही घराच्या शेवटच्या प्लगपाशी, तेवढे मिळतीलच असं नाही. मग तो विचार करत बसतो आणि वायर जळत राहते. म्हणजे मोठा एमसीबी गावात शहरापेक्षा जास्त धोक्याचा.

तिसरं, चौकटीत छापलेला ६००० किंवा १०००० हा आकडा. शॉर्ट झाल्यावर किती प्रवाह तो स्वतः न फुटता तोडू शकतो त्याचा हा आकडा. घराला ६००० पुरतो. ट्रान्सफॉर्मर अगदी दारात असेल तर १०००० चा घ्या. आयएसआयचा शिक्का बघा, आणि ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. बाजारात नकली माल भरपूर आहे, आणि एमसीबी नकली आहे हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही! हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. माणूस मरायला अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, आणि एमसीबी दहा-सोळा अँपिअर खुशाल जाऊ देतो. शॉकसाठी वेगळी वस्तू असते, आरसीसीबी, घरासाठी ३० मिलिअँपिअरची. जेवढी वीज फेजने गेली तेवढीच न्यूट्रलने परत आली का हे ती बघत बसते. वाटेत कुणाच्या अंगातून गळली की खटका. पण जास्त भार किंवा शॉर्ट तिला कळत नाही. म्हणून दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आमच्याकडे आरसीसीबी बसवला आणि दुसऱ्याच दिवशी पडायला लागला. गावातल्या एका जाणकाराने सल्ला दिला, "काढून टाका, गावाकडं चालत न्हाई ते." पुन्हा तेच! या वेळी मात्र आम्ही शोधत बसलो. दोन कारणं निघाली. एक, इन्व्हर्टरचा आणि लाईनचा न्यूट्रल कुणीतरी पूर्वी एकत्र बांधला होता. तो वेगळा केला. दुसरं, ओसरीवरचा जुना लोखंडी कूलर. त्याच्या पंपाची वायर पाण्यात सोलली होती आणि पत्र्यात वीज उतरत होती. गेली दोन वर्षं "त्याला ओल्या हाताने लावू नकोस, चुणचुण लागते" असं आम्ही पोरांना सांगत होतो. घरातली एक चिमुरडी त्याच कूलरला धरून उभं राहायला शिकली आहे.

काम करताना माणूस कसं करतो तेही जवळ उभं राहून बघा. मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या स्क्रूपर्यंत वीज असतेच, त्यामुळे टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय कुठेही हात नको. मीटर आणि त्याचं सील कंपनीचं, तिथे आपण हात लावायचा नाही. मेन डबल पोलचा हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम सुटतात. प्रत्येक स्क्रू घट्ट आवळलाय ना ते बघा. सैल स्क्रू तापतो, काळा पडतो, आणि त्यावर एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह तर तेवढाच असतो. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा आवळून घ्या. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला पाहिजे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला. आणि डीबी ओलीपासून लांब, उंचावर. उजनीतून आणि वीरमधून एकदम पाणी सुटलं की संगमावर काय होतं ते आपल्या गावाला सांगायला नको. घरात पाणी शिरलं नाही तरी खालच्या भिंती गारठून ओल्या होतात.

एकूण भार वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्या. तो कागद करायचा कंटाळा आपण करतो आणि मग बोर्डावर युक्त्या लढवतो.

*

आता घरच्या मंडळींसाठी. खालचा मजला झाला. माडी राहिली आहे. मागच्या वेळी आपण सगळ्यांनी वर्गणी काढून दिंडीदरवाज्याला पॉलिश केलं, अंगणात फरशी घातली, तुळशीवृंदावनाला दिवे लावले. छान दिसतं. फोटो सगळ्यांकडे आहेत. वायरिंगचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून त्याला वर्गणी निघत नाही. माझं म्हणणं एवढंच की यंदा रंग राहू दे. माडीचं वायरिंग आणि तिथला बोर्ड आधी करू. मी माझा वाटा काढून ठेवलाय, आणि त्यात मागचा बत्तीसचा दंड म्हणून थोडा जास्तच धरलाय. :)

तोपर्यंत माडीवर सोळाचाच राहील. तो पडेल. पडला की कृपा करून त्याला शिव्या घालू नका, आणि बोर्डाकडे धावण्याआधी दोनपैकी एक इस्त्री बंद करा. परत परत पडला तर परत परत वर करू नका, काहीतरी बिघडलंय असं समजा.

वहिनींनी नव्या डीबीच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवलाय. त्यांच्या गोल अक्षरात कुठला खटका कशाचा ते लिहिलंय. देवघर, ओसरी, पडवी, मोटर, स्वयंपाकघर १, स्वयंपाकघर २. खाली लाल शाईने एक ओळ आहे, "आकडा बदलायचा झाल्यास आधी मला विचारणे."

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. म्हणाला, "काल संध्याकाळी पडला रे. हिने हीटर आणि शेगडी एकाच प्लगवर लावली होती." मी विचारलं, मग काय केलंस?

म्हणाला, "काय करणार, हीटर काढला."